फोटोग्राफीच्या वर्गाचा आढावा लिहायचाय, पण जुना फोटोच सगळ्यांना आवडतोय

पाऊलखूण

नमस्कार मंडळी. इथे कॅमेऱ्यात मुरलेले बरेच जण आहेत म्हणून धागा काढतेय. लांबण लागणार आहे, आधीच सांगते.

आमच्या शाळेत फोटोग्राफी हा ऐच्छिक विषय आहे. वर्ष संपताना प्रत्येकाने एक आढावा द्यायचा असतो: वर्षाच्या सुरुवातीचा एक फोटो, आत्ताचा एक फोटो, शक्यतो विषय तोच, आणि मधल्या काळात आपल्यात काय बदललं यावर दोन पानं.

फोटो माझ्याकडे तयार आहेत. दोन्हीत एकच मैत्रीण आहे. जुना फोटो वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात, उजेड उतरल्यावर काढलेला. ती खळखळून हसतेय, हात हलल्यामुळे पुसट झालेत, फ्रेम डावीकडे कललीये आणि कडेला कुणाचा तरी अर्धा खांदा घुसलाय. नवा फोटो तिला खिडकीशी बसवून काढला. उजेड एका बाजूने, दुसऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा धरून सावली थोडी उचललेली, फोकस बरोबर डोळ्यांवर, मागे कसलीही लुडबुड नाही. तो काढताना आपण काय करतोय आणि का करतोय, हे मला पुरेपूर माहीत होतं.

दोन्ही प्रिंट वर्गात भिंतीवर लावल्या, नाव-तारीख न घालता. जवळजवळ सगळ्यांनी जुन्याला पसंती दिली. खुद्द मैत्रिणीनेसुद्धा! नव्याबद्दल एकजण म्हणाला, "ओळखपत्रावर शोभेल." मॅडम काही बोलल्या नाहीत, फक्त "आता ह्याच्यावरच लिही" एवढं म्हणाल्या.

तर आता लिहू काय? शिकले ते तर भरपूर आहे. सुरुवातीला मॅडमनी कॅमेऱ्यांच्या मागच्या स्क्रीनवर कागद चिकटवून टाकले होते. फोटो काढायचा, पण लगेच बघायचा नाही. आम्ही सगळे वैतागलो. पण त्यामुळे बटण दाबायच्या आधी विचार करायची सवय लागली, कारण नंतर बघून सुधारू ही सोयच नव्हती.

मग मीटरचं, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या भागाचं, प्रकरण. पांढरी भिंत, पांढरा शर्ट, आणि फोटो आला मळकट. काळी छत्री काढली तर ती राखाडी. मला वाटलं कॅमेरा बिघडला. मॅडमनी सांगितलं की कॅमेऱ्यातल्या मीटरला समोर शर्ट आहे की छत्री हे कळत नाही. समोरचं सगळं सरासरीने मध्यम राखाडी आहे, म्हणजे साधारण १८ टक्के उजेड परत फेकणारं आहे, असं धरून तो हिशेब करतो. पांढरं पांढरं यायला हवं असेल तर त्याला एक-दीड स्टॉप (एक स्टॉप जास्त म्हणजे दुप्पट उजेड) जास्त द्यायला आपण सांगायचं, काळ्यासाठी कमी. हे कळल्यावर पहिल्यांदा वाटलं की ह्या यंत्राशी वाद घालता येतो.

पण सगळ्यात जास्त बदल घडवला तो कॉन्टॅक्ट शीटने. दर कामाला काढलेले सगळे फोटो, अगदी फसलेलेसुद्धा, छोटे छोटे करून एका कागदावर छापायचे आणि वर्गात टेबलावर ठेवायचे. लाल पेन्सिलीने आपण निवडलेल्यावर खूण करायची. माझी शीट बघून मॅडम बऱ्याचदा विचारायच्या, "हा का नाही निवडलास?" आणि मला उत्तर द्यावं लागायचं.

हे सगळं आढाव्यात येईल. पण दोन फोटो शेजारी ठेवले की वाचणारा म्हणणार, पोरीची अधोगती झालेली दिसतेय. प्रगती दाखवायची कशी?

---

तिरकस

सोपं आहे. लिही की वर्षभर शिकून फोटो निर्जीव काढायला शिकले. शंभर टक्के प्रामाणिक आढावा होईल.

---

वाचनमात्र

वाखूसा (वाचनखूण साठवली). मीटरचा परिच्छेद आवडला. इतकी वर्षं फोटो काढतोय, बर्फाचे फोटो निळसर-राखाडी का येतात हे आज कळलं.

---

खटपट्या

@वाचनमात्र, राखाडी मीटरमुळे, निळसर मात्र वेगळ्या कारणाने. सावलीतल्या बर्फावर थेट ऊन नसतं, आकाशाचा उजेड पडतो आणि तो निळा असतो. भर दुपारचं ऊन साधारण ५५०० केल्विन धरतात (आकडा जितका मोठा तितका उजेड निळा), सावलीत तेच ७००० च्या वर जातं. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याची रंगछटेची सेटिंग, बदलून बघा.

धागाकर्तीला: प्रश्न तांत्रिक नाही, त्यामुळे माझा पास. पण जुन्या फोटोचा शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं राहिलं ते) किती होता ते फाइलच्या माहितीत बघून सांग. हात पुसट आणि चेहरा स्वच्छ असेल तर त्यात गंमत आहे.

---

एका मुलाची आई

माझा मुलगा पुढच्या वर्षी हाच विषय घेतोय. कोणता कॅमेरा घ्यावा?

---

खटपट्या

@एका मुलाची आई, आत्ता कोणताच नाही. शाळा देत असेल तर तो, नाहीतर घरातला फोन. फोनवर बोट दाबून धरलं की फोकस आणि एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) लॉक होतं, मग बोट वर-खाली सरकवून उजेड कमी-जास्त करता येतो. एवढ्यावर पहिले काही महिने आरामात निघतात. बहुतेक फोनमध्ये ॲपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक) बदलत नाही, ते शिकायची वेळ आली की कॅमेऱ्याचं बघू.

---

डार्करूमवाला

अगं, पहिल्यांदा त्या मॅडमना माझा नमस्कार सांग. स्क्रीनवर कागद चिकटवणाऱ्या शिक्षिका हल्ली मिळत नाहीत.

आमच्या वेळी स्क्रीनच नव्हती, त्यामुळे कागदाचीही गरज नव्हती. रोलमध्ये ३६ फोटो. रोल संपेपर्यंत थांबायचं, मग धुवायचा, वाळवायचा आणि निगेटिव्हच्या पट्ट्या थेट कागदावर ठेवून कॉन्टॅक्ट काढायचे. मध्यम आकाराच्या १२० फिल्मवर, रोलिफ्लेक्ससारख्या कॅमेऱ्यात, चौकोनी फोटो अवघे १२. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावालांनी ह्या असल्या कॅमेऱ्यांवर बातमीचे फोटो काढले. समोर घटना घडतेय आणि हातात शिल्लक फोटो मोजके, ह्याचा अंदाज आज येणार नाही. पण "कमी फोटो म्हणजे चांगले फोटो" असलं म्हाताऱ्यांचं पालुपद मी लावणार नाही. कमी फोटोंत वाईट फोटोही खूप निघायचे. मीच काढलेत.

मुद्दा कॉन्टॅक्ट शीटचा. तू जुना फोटो एकटा बघतेयस. त्याची शीट आहे का? त्याच्या आधीचे आणि नंतरचे फोटो काय आहेत? एकट्या फोटोवरून तो योगायोग होता की नजर होती, ते सांगता येत नाही. आजूबाजूचे बघितले की लगेच कळतं. आधीच्या चौकटींमध्ये तू हळूहळू जवळ सरकत गेली असशील, वाट बघत असशील, तर ती नजर. आधी भिंत, नंतर जमीन आणि मधेच हा फोटो असेल, तर लॉटरी.

आणि लॉटरी असली तरी बिघडत नाही. फ्रेंच फोटोग्राफर आंरी कार्तिए-ब्रेसाँचा पॅरिसमधल्या सँ-लाझार स्टेशनमागचा १९३२ चा फोटो माहीत असेल, डबक्यावरून उडी मारणारा माणूस. कुंपणाच्या फटीतून काढलेला. कडेला फळीचा भाग आला होता तो कापावा लागला, आणि हा गृहस्थ एरवी फोटो कापायच्या सक्त विरोधात! नशिबाचा वाटा असतोच. पण शंभर लॉटऱ्यांतून नेमकी कुठली उचलायची, हे नशीब सांगत नाही.

---

तिरकस

काका, छान लिहिलंत, पण माझं म्हणणं तसंच राहतं. जुना फोटो चांगला आला कारण तिला काही माहीत नव्हतं. माहीत झालं आणि वाट लागली. वर्ग नसता तर ती आजही व्हरांड्यात तसलेच फोटो काढत असती.

---

फळा_आणि_खडू

तिरकस, तसलेच फोटो काढत असती हे तुम्ही कशावरून म्हणता? मी हा विषय शिकवते. सुरुवातीच्या महिन्यात प्रत्येक मुलाच्या ढिगाऱ्यात असा एखादा फोटो सापडतो. एखादाच. दुसरा सहसा सापडत नाही, आणि मूल तो स्वतः निवडतही नाही, शिक्षकाला उकरून काढावा लागतो.

पाऊलखूण, तुझ्या धाग्यात मला एक गोष्ट खटकली. तू विचारतेस, प्रगती दाखवायची कशी. आढावा वाचणारी व्यक्ती त्यात प्रगतीचा पुरावा शोधत नाही, निदान मी तरी नाही. दरवर्षी मला ढीगभर आढावे येतात. "मला ॲपर्चर समजलं, शटर स्पीड समजला, आयएसओ समजला, माझा आत्मविश्वास वाढला." नावं झाकली तर कोणाचा कुठला ते ओळखू येत नाही. मी थांबते ती एखाद्या नेमक्या वाक्याशी. एका मुलाने लिहिलं होतं की आता तो खोलीत शिरला की आधी खिडक्या कुठे आहेत ते बघतो आणि मग माणसं. बस्स. त्याला काय मिळालं ते मला कळलं.

तुझ्याकडे असं वाक्य आहे का? तू लिहिलंयस, "ह्या यंत्राशी वाद घालता येतो." तिथून सुरू कर. पण मग पुढचा प्रश्न येतो: खिडकीच्या फोटोत तू कोणाशी वाद घातलास? मला तर तिथे सगळेच एकमेकांशी सहमत दिसतात. उजेड, पुठ्ठा, फोकस, मॅडम.

---

पाऊलखूण

बापरे. फळा_आणि_खडू, शेवटची ओळ लागली.

@खटपट्या, जुन्या फोटोची माहिती बघितली. शटर १/१५ सेकंद, ॲपर्चर एफ/३.५, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते) १६००. ऑटोवर होता, त्यामुळे हे आकडे कॅमेऱ्याचे, माझे नाहीत. नवा फोटो: १/१२५, एफ/४, आयएसओ ४००, सगळं मी ठरवलेलं.

@डार्करूमवाला काका, शीट सापडली. त्या संध्याकाळचे सगळे फोटो एकापाठोपाठ बघितले. आधी ती कॅमेऱ्याकडे बघून ठरावीक हसतेय, असे बरेच. मग मागून कोणाच्या तरी हातातून काहीतरी पडलेलं दिसतंय, ती वळलीये, पुढच्यात हा फोटो, आणि त्याच्या पुढच्यात ती तोंड झाकून वाकलीये. म्हणजे लॉटरीच. पण एक गोष्ट लक्षात आली. ती वळली तेव्हा मी कॅमेरा खाली केला नाही. ठरावीक हसण्याचे फोटो मिळाले होते, तरी काढत राहिले. ह्याला नजर म्हणायचं की आळस, माहीत नाही.

---

खटपट्या

१/१५! वाटलंच होतं. आता गंमत ऐक.

हातात धरून काढताना शटर किती हळू चालेल ह्याचा जुना ठोकताळा आहे: लेन्सची फोकल लांबी (लेन्सवरचा मि.मी.चा आकडा) जेवढी, सेकंदाचा तेवढ्यावा भाग. ५० मि.मी. लेन्सला १/५० किंवा त्याहून वेगवान. सेन्सर लहान असेल तर अजून थोडं वेगवान. म्हणजे १/१५ ला तुझा फोटो अख्खा हलायला हवा होता. तो हलला नाही. बहुधा तू भिंतीला टेकली होतीस किंवा लेन्समध्ये स्थिरीकरण होतं.

पण चेहरा स्वच्छ राहायला तेवढं पुरत नाही, चेहराही स्थिर हवा. कुठलीही हालचाल दिशा बदलते तिथे क्षणभर थांबते. उडी सर्वात वर पोचते तेव्हा, झोका टोकाला जातो तेव्हा. हसताना डोकं मागे जातं आणि परत येतं, त्या टोकाला ते स्थिर असतं. हात मात्र चालूच होते. तुझं बटण बरोबर त्या टोकाला दाबलं गेलं. १/१२५ ला हातही बऱ्यापैकी गोठले असते आणि फोटोतली अर्धी मजा गेली असती.

म्हणजे लोकांना जे आवडतंय त्यातला मोठा भाग १/१५ चा आहे, आणि ती गोष्ट तू आता मुद्दाम करू शकतेस. तेव्हा कॅमेऱ्याने अंधार बघून नाइलाजाने केली होती.

अवांतर: तेवढ्यावा भाग हा शब्द मी आत्ताच बनवला, व्याकरणवाल्यांनी सोडून द्यावं.

---

तिरकस

हे मात्र मान्य. आकडे असले की मी वाद घालत नाही.

---

झाकणझुला

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

---

एका मुलाची आई

एक विचारू का? त्या मैत्रिणीला तिचे फोटो भिंतीवर लागलेले चालले? माझ्या मुलाच्या वर्गात ह्यावरून बरीच बोलाचाली झाली होती.

---

पाऊलखूण

हो काकू, आमच्याकडे नियम आहे. कोणाचाही ओळखू येईल असा फोटो वर्गात लावायच्या आधी त्याला विचारायचं, आणि वर्गाबाहेर जाणार असेल तर पालकांची लेखी परवानगी. नकार मिळाला तर कारण विचारायचं नाही. सुरुवातीला हे कटकटीचं वाटायचं. पण विचारायला गेलं की माणूस फोटो बघतो आणि काहीतरी बोलतो. मैत्रीण नव्या फोटोला म्हणाली होती, "चांगला आहे, पण मी अशी कधी बसते?"

हे मी मूळ धाग्यात लिहायला हवं होतं बहुतेक. आत्ता टाइप करताना जाणवलं.

---

डार्करूमवाला

अगं मग तेच लिही की! सगळा आढावा त्या एका वाक्यात आहे.

---

फळा_आणि_खडू

काका, घाई नको. ते वाक्य मैत्रिणीचं आहे. आढावा पाऊलखूणचा आहे.

एक सुचवते. वर्गात मी मुलांना अमेरिकन फोटोग्राफर अॅन्सल अॅडम्सच्या हर्नांडेझ गावावरच्या चंद्रोदयाची गोष्ट सांगते. १९४१ चा फोटो. ऊन कबरींच्या खुणांवरून सरकत होतं, त्याला लाइट मीटर सापडेना, तेव्हा चंद्राचा उजेड किती असतो हे त्याला पाठ होतं त्यावरून त्याने एक्स्पोजर काढलं. ही गोष्ट सगळ्यांना आवडते, पण मला तिचा पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. निगेटिव्ह एकच, आणि तो पुढे कित्येक वर्षं त्याच्या प्रिंट काढत राहिला. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाशात ढग बऱ्यापैकी दिसतात. नंतरच्या प्रिंटमध्ये आकाश जवळपास काळं होत गेलं. फोटो काढणं एकदाच झालं होतं. बदलत होता तो बघणारा.

तुझ्याकडे जुन्या संध्याकाळची अख्खी शीट आहे. वर्षाच्या सुरुवातीला तू त्यातून लाल खूण कशावर केली होतीस?

---

पाऊलखूण

थांबा, बघते.

---

पाऊलखूण

हे मला अजिबात आठवत नव्हतं. लाल खूण त्या फोटोवर नाहीये. ठरावीक हसणाऱ्या एका फोटोवर आहे, ज्यात ती मधोमध, सरळ, कॅमेऱ्याकडे बघतेय. आणि आत्ताच्या आढाव्यासाठी "जुना फोटो" म्हणून मी हा कललेला उचलला, तो गेल्या महिन्यात.

म्हणजे जुना फोटो जुना आहे, पण निवड नवी आहे.

---

तिरकस

...

बरं. वर्गाने काहीतरी केलेलं दिसतंय.

---

वाचनमात्र

तिरकस यांचा हा प्रतिसाद जपून ठेवतोय. +१.

---

खटपट्या

मस्त! आता माझा हट्ट: तरीही १/१५ चा प्रयोग कर. निवड बदलली हे झालं, पण हात काय म्हणतात ते बघू. व्हरांडा, संध्याकाळ, शटर प्रायॉरिटी (शटर आपण ठरवायचं, ॲपर्चर कॅमेरा जुळवतो), १/१५, आणि एक्स्पोजर तू ठरव. भिंतीला टेक, कोपर अंगाशी, श्वास सोडताना बटण. एकच न काढता सलग चार-पाच काढ, मधला एखादा स्वच्छ निघतो.

व्हरांड्यात दिवे लागलेले असतील तर एक सूचना. वीज ५० हर्ट्झची असेल तिथे ट्यूबलाइट आणि बरेच एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. इलेक्ट्रॉनिक शटर ओळीओळीने वाचत जातं, म्हणून वेगवान शटरला फोटोत आडवे पट्टे येतात. १/५० किंवा १/१०० ला जातात. तुझ्या १/१५ ला तसाही प्रश्न नाही.

---

पाऊलखूण

पट्टे! वर्षभर स्टेजच्या फोटोंमध्ये येत होते आणि मी कार्डाला दोष देत होते. धन्यवाद दादा.

---

फळा_आणि_खडू

आणि खिडकीचा फोटो फेकून देऊ नकोस. तो वाईट नाही. तो सरावाचा आहे, आणि सराव दिसला म्हणून लाजायचं काय कारण?

त्यावर एक तांत्रिक शंका मात्र आहे. तिचं नाक जरा मोठं आणि कान लहान आलेत का? वर्णनावरून वाटतंय की तू फार जवळ होतीस.

---

पाऊलखूण

हो!! मैत्रीण हेच म्हणाली, मला वाटलं उगाच म्हणतेय. चेहरा फ्रेमभर हवा होता म्हणून जवळ गेले. लेन्स रुंद असल्यामुळे होतं ना ते?

---

खटपट्या

लेन्समुळे नाही, अंतरामुळे. हा गैरसमज सगळीकडे आहे. कान नाकाच्या टोकापेक्षा साधारण १२ सें.मी. मागे असतात असं धर. कॅमेरा नाकापासून ३० सें.मी. वर असेल तर कान ४२ वर, म्हणजे कानाच्या तुलनेत नाक १.४ पट मोठं दिसणार. कॅमेरा २ मीटरवर नेलास तर २०० आणि २१२, फरक सहा टक्क्यांचा. रुंद लेन्सचा दोष एवढाच की चेहरा फ्रेमभर यावा म्हणून ती तुला जवळ जायला लावते. मागे जा, झूम कर किंवा नंतर काप. समोरासमोर काढलेल्या सेल्फीत सगळ्यांची नाकं फुगतात ती ह्यामुळेच.

---

एका मुलाची आई

माझं नाक लहान आहे हे आज सिद्ध झालं. खटपट्या, तुमचे उपकार.

---

डार्करूमवाला

हा धागा वर ठेवा रे कोणीतरी.

---

पाऊलखूण

उशीर झाला, परीक्षा मधे आली. प्रयोग केला. तीच जागा, तीच मैत्रीण, १/१५. तिला "हस" असं सांगितलं नाही. दुसऱ्या एका मैत्रिणीला गप्पा मारायला बसवलं आणि मी भिंतीला टेकून ऐकत राहिले. हसण्याचा फोटो आला नाही. हसली ती, पण प्रत्येक वेळी मी जरा उशिराच दाबलं. वाट बघत राहिलं की उशीर होतो, हे विचित्र आहे.

पण एक वेगळाच मिळाला. ती काहीतरी समजावून सांगतेय, दोन्ही हात हवेत पूर्ण पुसट, आणि डोळे समोरच्या मैत्रिणीवर गच्च रोखलेले, अगदी स्वच्छ. समोरचीचं फक्त डोकं मागून दिसतं, काळं, फ्रेमचा एक तृतीयांश भाग खाऊन बसलंय. पूर्वी मी ते डोकं टाळलं असतं. आता मुद्दाम ठेवलं, कारण त्याच्याशिवाय ती कुणाशी बोलतेय ते कळत नाही. मागची भिंत उजळ होती, मीटरचं ऐकलं असतं तर चेहरा काळवंडला असता, म्हणून एक स्टॉप जास्त दिला. भिंत जळली थोडी, म्हणजे तपशील जाऊन नुसती पांढरी झाली. जळू दे म्हटलं.

वर्गात लावला. मतं विभागली. जुन्या हसऱ्या फोटोइतका नाही आवडला लोकांना. मैत्रीण मात्र बराच वेळ त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मी हात इतके हलवते?"

आढाव्यात आता तीन गोष्टी ठेवतेय: सुरुवातीची शीट जशीच्या तशी, त्यावर तेव्हाची लाल खूण आणि आत्ताची निळी खूण; खिडकीचा फोटो; आणि हा हातांचा. "आत्मविश्वास वाढला" कुठेही नाही, शपथ. पहिलं वाक्य असं आहे: "ह्या शीटवरचा सगळ्यांना आवडणारा फोटो मी काढला तेव्हा मला तो दिसला नव्हता."

---

फळा_आणि_खडू

उत्तम. दुसऱ्या पानावर आकडे घालशील ना? १/१५ का, एक स्टॉप जास्त का. भावनेचं लिहिणारे खूप असतात, कारण लिहिणारे कमी. आणि हसण्याला उशीर झाला तेही लिही, ते लपवू नकोस. त्याच्यावर पुढच्या वर्षी काम करता येईल.

---

तिरकस

भिंत जळू दिली हे आवडलं. मॅडमशी पहिला वाद.

---

पाऊलखूण

मॅडमना भिंत खटकली खरंच. म्हणाल्या, अर्धा स्टॉप पुरला असता. मी म्हटलं, नाही. त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं.

शेवटचा प्रश्न: प्रिंट ग्लॉसी काढू की मॅट? स्क्रीनवर बरोबर दिसतोय पण चाचणी प्रिंट अंधारी आली.

---

डार्करूमवाला

मॅट घे. भिंतीवर लागणार, समोर दिवे असणार, ग्लॉसीवर दिव्यांची प्रतिबिंबं बघत बसतील लोक. मॅटवर काळा तितका गडद येत नाही, पण तुझ्या फोटोत त्या मागून दिसणाऱ्या डोक्यात थोडा तपशील राहिला तर बरंच आहे.

अंधारी प्रिंट ही नेहमीची तक्रार. स्क्रीन आतून उजळलेली असते, कागद खोलीतल्या उजेडावर जगतो. स्क्रीनची ब्राइटनेस अर्ध्यावर आण, मग फोटो बघ आणि त्यावरून उजळ कर. आधी एक छोटी पट्टी छापून ज्या भिंतीवर लावायचा तिथेच धरून बघ, पूर्ण कागद वाया घालवू नकोस.

---

पाऊलखूण

पट्टी छापली, भिंतीवर धरली, अजून थोडा उजळ लागेल. उद्या देतेय. सगळ्यांना धन्यवाद!

---

वाचनमात्र

पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा). आणि मार्क किती पडले ते सांगायला विसरू नकोस, तिरकस वाट बघतायत.